एचटी-2, एकास सहा: प्रकल्प नोंदी

15 जून 2025, रविवार, नाशिक

पुढचं मॉडेल ठरलं. हिंदुस्थान एअरक्राफ्टचं एचटी-2. मोजमाप एकास सहा, विजेची मोटर, रेडिओवर उडणारं.

आमच्या मैदानावर स्पिटफायर आहे, मस्टँग आहे, पायपर कब तर दोन-तीन आहेत. पण भारतात आखलेलं, भारतातल्या कारखान्यात घडलेलं आणि आपल्या वायुसेनेच्या वैमानिकांनी ज्यावर पहिले धडे गिरवले ते विमान कुणाकडेच नाही. ही खंत मला बरीच वर्षं आहे. भारतीय आराखड्यावरून ज्याचं प्रत्यक्ष उत्पादन झालं असं पहिलं विमान म्हणजे एचटी-2. आराखड्याचे प्रमुख होते डॉ. विष्णु माधव घाटगे. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती. किरण हे जेट प्रशिक्षण विमानही त्यांच्याच हातून आखलं गेलं. मराठी घरांत हे नाव आज किती जणांना ठाऊक आहे, याचा विचार केला की वाईट वाटतं.

तयार किट कुठे मिळालं नाही. तीन बाजूंची छोटी रेखाटनं, जुने फोटो आणि छापील मापं यांवरून नकाशा मलाच काढायचा आहे.

22 जून, रविवार

मूळ विमानाची मापं: पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत 10.72 मीटर, नाकापासून शेपटीपर्यंत 7.53 मीटर, पंखांचं क्षेत्रफळ 16 चौरस मीटर, भरलेलं वजन 1016 किलो. इंजिन ब्लॅकबर्न सायरस मेजर 3, ताकद 155 अश्वशक्ती, कमाल वेग ताशी 209 किलोमीटर.

सहाने भागल्यावर: पंख 1787 मिलिमीटर, लांबी 1255 मिलिमीटर. क्षेत्रफळ छत्तीसने भागायचं, म्हणजे 0.444 चौरस मीटर. वजन घनाच्या हिशेबाने उतरतं, 216 ने भागलं की 4.7 किलो येतात. एवढं जड मॉडेल उडेल, पण उतरताना दमछाक करेल. माझी मर्यादा 4 किलो, मनातलं उद्दिष्ट 3.6.

एकास पाच करावं असंही वाटून गेलं. पण मग पंख दोन मीटरच्या वर जातात आणि गाडीच्या मागच्या सीटवर मावत नाहीत. एकास सहाचा आणखी एक फायदा: बाजारातल्या बारा इंची बाहुल्या बरोबर याच मापाच्या असतात. दोन वैमानिकांसाठी निदान अंगाचं प्रमाण तरी त्यावरून घेता येईल.

नियमांचंही पाहून ठेवलं. ड्रोन नियम 2021 प्रमाणे शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेलं, 25 किलोच्या आतलं विमान मॉडेल या वर्गात येतं. मात्र नाशिकला ओझरचा विमानतळ आहे, देवळालीला तोफखाना आहे, गांधीनगरला लष्कराची हवाई प्रशिक्षण शाळा आहे. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडून आपली जागा कुठल्या रंगात येते ते पाहिल्याशिवाय या भागात काहीही उडवायचं नसतं. आमचं मैदान सिन्नरच्या पलीकडे त्याच कारणासाठी आहे.

6 जुलै, रविवार

आषाढी. घरात सगळे टीव्हीसमोर पंढरपूर पाहत होते, मी पंखाचा छेद घेऊन बसलो. आज दिवसभर एकच प्रश्न: मूळ पंखाची नक्कल करायची की मॉडेलला जमेल असा पंख करायचा?

अडचण हवेची आहे. विमान लहान करता येतं, हवेचे रेणू लहान करता येत नाहीत. पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर विमानाच्या आकाराप्रमाणे आणि वेगाप्रमाणे वागणं बदलतो. रेनॉल्ड्स अंक (आकार, वेग आणि हवेचा चिकटपणा यांचा मेळ सांगणारा आकडा) काढून पाहिला. मूळ एचटी-2 च्या पंखाची सरासरी रुंदी दीड मीटरच्या आसपास, त्यामुळे कमाल वेगाला हा अंक 55 लाखांच्या वर जातो. माझ्या मॉडेलला उतरताना जेमतेम 2 लाख, आणि पंखाच्या निमुळत्या टोकाला सव्वा लाख. एवढ्या खालच्या अंकाला टोकावरचा प्रवाह लवकर सुटतो. आधी टोक थांबतं, म्हणजे विमान पेलून धरणं सोडतं (इंग्रजीत स्टॉल), मग एक पंख खाली, आणि जमीन जवळ असेल तर खेळ तिथेच संपतो.

या पातळ थराची कल्पना 1904 मध्ये मांडली ती प्रांटल यांनीच. घाटगे त्यांच्याकडेच शिकले. म्हणजे माझ्या टेबलावरची ही अडचण त्या घराण्याच्या रोजच्या अभ्यासाची होती. आकडेमोड करताना हे सारखं मनात येत होतं आणि फार बरं वाटत होतं.

उपाय तीन दिसतात. टोकाला पंख खालच्या बाजूला पीळ देऊन बसवणं, टोकाला जाड आणि बोथट पुढच्या कडेचा छेद वापरणं, किंवा शेपटी मोठी करून सगळंच मवाळ करणं. शेवटचा मार्ग बरेच मॉडेलवाले घेतात. मी घेणार नाही. शेपटी दहा टक्के वाढवली की विमान दिसायला बदलतं, आणि त्याहून महत्त्वाचं, हाताला खोटं सांगायला लागतं. प्रशिक्षण विमानाने चूक पोटात घालायची नसते. विद्यार्थ्याने नाक जास्त वर ओढलं तर ते त्याला कळलंच पाहिजे, सुधारायला वेळ मिळेल इतक्या आधी कळलं पाहिजे, आणि तरीही कळलंच पाहिजे. एचटी-2 ची नक्कल करायची तर हा गुण आधी यायला हवा.

ठरलं: मुळाशी 14 टक्के जाडीचा छेद, टोकाला 12 टक्क्यांचा जरा बोथट नाकाचा. पीळ अडीच अंश. शेपटी मापातच.

19 जुलै, शनिवार

लेझर कटिंगहून पंखांच्या फासळ्या आल्या. बाल्सा (मॉडेलचं हलकं लाकूड) 2 मिलिमीटर, मुळाकडच्या तीन फासळ्या प्लायवूडच्या. कापणी स्वच्छ आहे. पाऊस मात्र थांबायला तयार नाही. बाल्सा दमट हवेत वजन धरतो, पत्रा सरळ राहत नाही. सगळं लाकूड कपाटात साठ वॉटच्या बल्बखाली ठेवलंय. जोडणी आठवडाभर पुढे.

5 ऑगस्ट, मंगळवार

1951 साली आजच्याच तारखेला एचटी-2 पहिल्यांदा उडालं, बंगळूरला. चालवत होते कॅप्टन जमशेद मुन्शी. त्या पहिल्या नमुन्याला डी हॅविलँडचं जिप्सी मेजर इंजिन होतं. सायरस मेजर आलं दुसऱ्या नमुन्यात, फेब्रुवारी 1952 मध्ये, आणि उत्पादनात तेच कायम झालं. कामावरून आल्यावर आज थोडं तरी काम करायचंच म्हणून डाव्या पंखाचा मुख्य आडवा दांडा चिकटवला. पाइनच्या पट्ट्या वर-खाली, मध्ये उभ्या रेषांचा बाल्सा.

त्या वेळी शिकाऊ वैमानिकांकडे टायगर मॉथ होतं: दोन मजली पंख, लाकूड आणि कापड, उघडी बैठक. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये परवान्यावर पर्सिव्हल प्रेंटिसही बांधलं जाई. त्यानंतर एकदम पूर्ण धातूचं, खाली पंख असलेलं, आधाराच्या तारा किंवा काठ्या नसलेलं, वरून काचेचं आच्छादन असलेलं विमान आपल्याच लोकांनी काढून दाखवलं. कारखाना सुरू होऊन तेव्हा जेमतेम अकरा वर्षं झाली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये तो उभा केला. तिथे जोडून उडवलेलं पहिलं विमान, 1941 चं हार्लो, हेही प्रशिक्षण विमानच होतं. त्याचा आराखडा अमेरिकेचा. हार्लोपासून एचटी-2 पर्यंतचं अंतर दहा वर्षांचं आहे आणि मधली फाळणी, महायुद्ध, सगळी ओढाताण लक्षात घेतली तर फार थोडं आहे.

पुढे घानाने आपली वायुसेना उभी केली तेव्हा त्यांच्या वैमानिकांना शिकवायला भारतीय प्रशिक्षक गेले, आणि सोबत एचटी-2 गेली. स्वातंत्र्य मिळून बारा वर्षं झालेल्या देशाने नुकत्याच स्वतंत्र झालेल्या दुसऱ्या देशाला उडायला शिकवलं. या विमानाबद्दल मला सगळ्यात जास्त अभिमान याच गोष्टीचा वाटतो.

24 ऑगस्ट, रविवार

दोन्ही पंख सांगाड्यापर्यंत पूर्ण. पीळ तपासला: डावा 2.5 अंश, उजवा 2.4. चालेल.

धडाचं काम सुरू. सायरस मेजर हे चार सिलिंडर एका ओळीत आणि उलटे टांगलेलं इंजिन. फिरणारा मुख्य दांडा (क्रँकशाफ्ट) वर, सिलिंडर खाली. त्यामुळे नाकावरचा पंखा (प्रोपेलर) उंच राहतो, जमिनीपासून मोकळा राहतो, आणि नाक अरुंद असल्याने मागच्या माणसाला बाजूने बरंच दिसतं. मॉडेलसाठी हे वरदान आहे. अरुंद, लांब नाकात पाच सेलची बॅटरी सरळ बसते आणि शेपटीचं वजन तोलायला शिसं भरावं लागत नाही.

बुधवारी गणपती. वर्कशॉपची खोली आरासीसाठी रिकामी करून द्यायची आहे. दहा दिवस सुट्टी.

14 सप्टेंबर, रविवार

चाकं. या नोंदीला थोडा वेळ देतो, कारण विमानाचा स्वभाव अर्धा इथे ठरतो.

एचटी-2 शेपटीच्या चाकावर बसतं. दोन मोठी चाकं पुढे, वजनाचा मध्य त्यांच्या मागे. जमिनीवर धावताना विमान जरा वाकडं झालं की मागचं वजन ते वाकडेपण वाढवत नेतं, आणि वेळेवर रडर (शेपटीचं उभं सुकाणू) दिला नाही तर विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. नाकाखाली चाक असलेल्या विमानात उलट घडतं, वजन पुढे असल्याने ते आपोआप सरळ होतं. नंतरच्या एचपीटी-32 या प्रशिक्षण विमानाला नाकाखालीच चाक दिलं, एचटीटी-40 लाही तेच. जेट विमानांवर जायचं तर ते योग्यच आहे. पण 1951 मध्ये पुढचा टप्पा हार्वर्ड हे जास्त ताकदीचं प्रशिक्षण विमान होतं, तेही शेपटीच्या चाकाचं आणि वळायला चांगलंच तापट. ज्याला हार्वर्डवर जायचं त्याच्या पायांना रडरची सवय आधी लागायला हवी. एचटी-2 ती लावत असे.

मॉडेलला 4 मिलिमीटरची पियानो तार, वर बाल्साचं आवरण. चाकं दीड अंश आत वळवली. शेपटीचं चाक रडरशी मधल्या स्प्रिंगने जोडलं, म्हणजे धक्का थेट सर्व्होला (रडर हलवणाऱ्या छोट्या मोटरला) बसत नाही.

शेजारचे काका आज येऊन बसले होते. त्यांनी ओझरच्या विमान कारखान्यात पत्रेकामात नोकरी काढली. चाकाचा खांब हातात घेऊन वाकवून पाहिला आणि म्हणाले, "हे मोडायचं तर इथे मोडू दे, पंखात नको." मी म्हटलं, "म्हणजे काय करू काका?" तर म्हणाले, "बोल्ट नायलॉनचे लाव. आपटलं तर बोल्ट जातील, पंख वाचेल." लावले.

18 ऑक्टोबर, शनिवार

काल ओझरला मोठा कार्यक्रम झाला. संरक्षणमंत्र्यांच्या हस्ते तेजसच्या उत्पादनाची तिसरी आणि एचटीटी-40 ची दुसरी फळी सुरू झाली. म्हणजे आता पंख्यावर चालणारं भारतीय प्रशिक्षण विमान नाशिकमध्येही बांधलं जाणार. काका सकाळीच पेपर घेऊन आले. त्यांचं सगळं आयुष्य मिगच्या पत्र्यात गेलं, ती मिग-21 तीन आठवड्यांपूर्वी वायुसेनेतून निवृत्त झाली. दोन्ही बातम्यांवर ते बराच वेळ बोलले. मी हात चालू ठेवून ऐकत होतो.

एचटी-2 पासून एचटीटी-40 पर्यंतचा रस्ता सरळ नाही, आणि तो लिहून ठेवावासा वाटतो. मध्ये एचपीटी-32 दीपक होतं. 1977 मध्ये पहिलं उड्डाण, 260 अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन, विद्यार्थी आणि प्रशिक्षक शेजारी शेजारी. शिकवायला ही बैठक सोयीची असते, प्रशिक्षकाला विद्यार्थ्याचे हात आणि चेहरा दोन्ही दिसतात. पण त्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडण्याचं दुखणं गेलं नाही, आणि इंजिन गेल्यावर ते चांगलं तरंगतही नसे. सतरा अपघातांत 19 वैमानिक गेले. 31 जुलै 2009 च्या अपघातात दोन प्रशिक्षक मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर ही विमानं पुन्हा उडाली नाहीत. प्रशिक्षण विमानाच्या अपघाताबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही. तिथे विशीतली मुलं असतात, आणि आपलं विमान धड आहे यावर त्यांचा पूर्ण विश्वास असतो.

मग काही वर्षं पहिल्या धड्यांसाठीही किरण जेट वापरावं लागलं. 2012 मध्ये स्वित्झर्लंडच्या पिलाटसकडून 75 पीसी-7 मार्क 2 घेण्याचा करार झाला, ती हैदराबादजवळ दुंडिगलच्या वायुसेना अकादमीत आली. एचटीटी-40 चं पहिलं उड्डाण झालं 31 मे 2016 ला. 70 विमानांचा करार मार्च 2023 मध्ये, 6,800 कोटी रुपयांहून जास्तीचा. इंजिन हनीवेलचं टर्बोप्रॉप, आत वातानुकूलन, जमिनीवर उभ्या विमानातूनही बाहेर फेकणारी खुर्ची. बैठक पुन्हा एकामागे एक, एचटी-2 सारखी.

मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती स्पिनची. विमान थांबून गरगरत खाली यायला लागलं की त्यातून बाहेर काढता येणं ही शिकवायच्या विमानाची खरी परीक्षा. एचटीटी-40 मध्ये त्यासाठी उभी शेपटी आणि रडर बदलावे लागले, आणि मग सहा वेढ्यांच्या स्पिनपर्यंत चाचण्या पार पडल्या. त्याला वेळ गेला. जायलाच हवा होता.

काम: आज काचेचं आच्छादन. सागाचा साचा, वरून पीईटी प्लास्टिकचा तापवलेला पत्रा. दुसऱ्या पत्र्याला सुरकुत्या न पडता आकार आला.

2 नोव्हेंबर, रविवार

दिवाळी आटोपली, हवा कोरडी झाली. ऑगस्टमध्ये नमुन्यासाठी लावलेलं रेझिन महिनाभर चिकट राहिलं होतं, आता रात्रीत कडक होतंय. पूर्ण पंखांवर चौरस मीटरला 25 ग्रॅम वजनाचं काचकापड बसवलं.

आता रिव्हेट. धातूचं विमान म्हणजे रिव्हेटच्या ओळी, त्या नसतील तर रुपेरी रंग नुसता थर्माकोलसारखा दिसतो. एकास सहा मापात रिव्हेटचं डोकं जेमतेम पाऊण मिलिमीटरचं होतं. इंजेक्शनच्या सुईने फेव्हिकॉलचे थेंब, पट्टी ठेवून. काकांनी एक गोष्ट दाखवून दिली जी कुठल्या रेखाटनात नव्हती: पत्रा जिथे पत्र्यावर चढतो तिथे पुढचा पत्रा वर असतो, म्हणजे वाऱ्याला कड लागत नाही. आणि दोन फासळ्यांच्या मध्ये ओळ जराशी पोकळ दिसते. त्यांनी स्वतः डाव्या पंखाची एक ओळ घातली. हात अजून थरथरत नाही.

23 नोव्हेंबर, रविवार

रंग. रुपेरी, त्यावर पंखांना आणि मागच्या धडाला पिवळे पट्टे, त्या काळच्या प्रशिक्षण विमानांसारखे. लांबून दिसावं आणि शिकाऊ आहे हे कळावं यासाठी पिवळा. मला हवेत दिशा ओळखायलाही तो उपयोगी पडेल.

चिन्हाकडे लक्ष दिलं. स्वातंत्र्यानंतर काही काळ आपल्या विमानांवर अशोकचक्राचं वर्तुळ होतं, 1950 पासून तिरंगी वर्तुळ आलं: बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. शेपटीवरच्या पट्ट्यात केशरी पुढे. एचटी-2 नंतरचं, त्यामुळे तिरंगीच. बाजारात मिळणाऱ्या स्टिकरमध्ये केशरीचा लाल होतो म्हणून मास्किंग करून हाताने फवारलं.

रंगाचं वजन 90 ग्रॅम.

14 डिसेंबर, रविवार

पूर्ण जोडणी, बॅटरीसह 3.85 किलो. उद्दिष्टापेक्षा जास्त, मर्यादेच्या आत. या वजनाला आणि नाशिकच्या उंचीला थांबण्याचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या आसपास यायला हवा.

वजनाचा मध्य पुढच्या कडेपासून 70 मिलिमीटरवर, म्हणजे सरासरी रुंदीच्या 27 टक्क्यांवर. बॅटरी पार पुढच्या भिंतीला टेकवून हे आलं, शिसं नाही. मोटर दोन अंश उजवीकडे आणि दोन अंश खाली. 14 बाय 8 इंचांचा पंखा, पूर्ण थ्रॉटलला (मोटरच्या पूर्ण ताकदीला) सुमारे 900 वॉट.

डाव्या पंखातून पुढे आलेली वेगमापक नळी खरीच जोडली आहे. वेग थेट ट्रान्समीटरवर (हातातल्या रिमोटवर) दिसतो.

28 डिसेंबर, रविवार

मैदानावर फक्त धावण्याची चाचणी. सोयाबीन काढलेलं रान, शेतकरी दादांनी पट्टा स्वतःहून सपाट करून दिला. थ्रॉटल हळू वाढवत नेला. शेपटी उचलली जाते त्या क्षणी नाक ठरल्याप्रमाणे डावीकडे जातं, कारण फिरणारा पंखा अक्ष बदलताना आडवा ढकलतो. उजवा रडर तेव्हाच लागतो, आधीही नाही आणि नंतरही नाही. हे मी वाचून जाणत होतो. हातात येणं वेगळं.

ढेकळात एकदा शेपटीचं चाक अडकलं, स्प्रिंग वाकली. बदलली.

4 जानेवारी 2026, रविवार

उडालं.

सकाळी आठ, वारा जवळपास नाही. काका थर्मास घेऊन आले होते. थ्रॉटल दोन तृतीयांश, शेपटी वर, उजवा रडर, आणि ढेकळांचा खडखडाट थांबला. मी एलेव्हेटरला (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या आडव्या पट्टीला) हात लावायच्या आधी ते जमिनीवरून सुटलं होतं. चढताना उजवीकडे थोडा एलेरॉन (विमान कलवणारी पंखाच्या मागच्या कडेची पट्टी) ट्रिम लागला, बाकी काही नाही.

वर 80 मीटरवर सरळ चालवत ठेवलं. ताशी 70 किलोमीटरला निम्म्याहून कमी थ्रॉटल. वळताना नुसता एलेरॉन दिला तर नाक उलट्या बाजूला रेंगाळतं, रडर जोडीने दिला की स्वच्छ वळतं. अगदी हेच हवं होतं. मिक्सिंग लावून, म्हणजे एलेरॉनसोबत रडर आपोआप हलेल असं करून, हे एका मिनिटात घालवता येईल आणि मी ते लावणार नाही. हात आणि पाय एकत्र चालवायला शिकवणं हेच या विमानाचं काम होतं.

उतरताना वेग 50 वर धरला, शेवटी 45. आधी दोन चाकं, मग शेपटी. एक छोटी उडी, ती रडरने सरळ धरली. काकांनी टोपी काढली आणि परत घातली. चहा फार चांगला लागला.

18 जानेवारी, रविवार

थांबण्याच्या चाचण्या. 100 मीटर उंची, थ्रॉटल बंद, नाक हळूहळू वर.

ताशी 44 ला एलेव्हेटर पिठासारखा मऊ पडतो. 41 ला शेपटी हलकी थरथरते, पडद्यावर नाही पण रडरच्या टोकाच्या हालचालीवरून जमिनीवरूनही दिसते. 39 ला नाक पडतं आणि डावा पंख जरासा झुकतो. एलेव्हेटर सोडला की दहा-बारा मीटरमध्ये परत उडायला लागतं. अडीच अंशांचा पीळ बरोबर ठरला. चार अंश दिला असता तर पंख झुकलाच नसता आणि शिकणाऱ्याला काही कळलंच नसतं.

मग स्पिन. 150 मीटरवरून, एलेव्हेटर पूर्ण वर, रडर पूर्ण डावा. दोन वेढे. उलटा रडर, एलेव्हेटर पुढे, एका वेढ्याच्या आत बाहेर. उजवीकडे थोडं आळशी, दीड वेढा घेतं. वजनाचा मध्य 74 मिलिमीटरवर नेऊन परत पाहिलं तर दोन्ही बाजूंना अर्धा वेढा जास्त. मध्य 70 वरच राहील.

यावरून मूळ विमानाबद्दल काही ठरवता येत नाही. मॉडेलमध्ये बॅटरी नाकात एकवटलेली, शेपटी हलकी, वजनाची वाटणी सगळी वेगळी. माझ्या विमानाचं मला कळलं, तेवढं पुरे.

1 फेब्रुवारी, रविवार

आज दुसरा ट्रान्समीटर जोडून भाचीला चालवायला दिलं. आठवीत आहे, सिम्युलेटरवर भरपूर उडवलंय, खरं विमान पहिल्यांदा. माझ्या ट्रान्समीटरवरचा स्विच दाबून धरला की ताबा तिच्याकडे, सोडला की माझ्याकडे. एचटी-2 मध्ये दोन जोडदांड्यांनी जे होत असे ते इथे रेडिओने होतं.

वळणं तिने लगेच घेतली. तिसऱ्या वळणात वेग पडत गेला आणि ती नाक ओढत राहिली. मी बोट स्विचवर तसंच ठेवलं. डावा पंख झुकला. "मामा!" म्हणून ओरडली, आणि ओरडता ओरडता एलेव्हेटर सोडला, थ्रॉटल वाढवला, उजवा रडर दिला. विमान सरळ झालं. उंची अजून साठ मीटर होती, मला स्विच सोडावा लागला नाही.

परत वर गेल्यावर म्हणाली, "आधी मऊ झालं होतं. मला कळलं होतं, पण मी ओढलंच." मी म्हटलं, "आता मऊ झालं की सोडायचं." पुढच्या फेरीत सोडलं.

पुढची कामं: डाव्या खांबाचे नायलॉनचे बोल्ट बदलणे (एक झिजलाय). शेपटीच्या चाकाला जाड स्प्रिंग. आच्छादनाच्या पुढच्या चौकटीला तडा, आतून रेझिन. भाचीसाठी रडरचा प्रवास तीन चतुर्थांशवर आणून पाहणे, आणि तिला नको असेल तर पूर्ण ठेवणे. काकांना पुढच्या रविवारी न्यायचं आहे, त्यांना उजव्या पंखाचीही एक ओळ घालायची आहे म्हणतात.